दाताची सावली

माझ्यासमोर तोंड उघडून गप्प बसलेली माणसं बारामती-इंदापूरकडे शेकड्यांनी सापडतील. एरवी पंचायतीत आणि दूध डेअरीवर दुसऱ्या कुणाला बोलू न देणारे तात्या आणि आबा माझ्या टेबलावर आडवे झाले, की मी म्हणायचे, तोंड उघडा, अजून मोठं, आणि आता हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि ते ऐकायचे. असा अधिकार फार कमी बायकांच्या वाट्याला येतो. एकतीस वर्षं मी तो मनसोक्त वापरला आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले.

मी बारामतीत एका डॉक्टरांच्या सेंटरवर एक्स-रे काढायचे. आमच्याकडे त्याला सगळे फोटोच म्हणतात आणि मला फोटोवाल्या बाई. माझं खरं नाव माहीत असलेली माणसं दोनच, आमचे डॉक्टर आणि माझे यजमान. त्यातले यजमानही अलीकडे ‘अगं ए’ वरच भागवतात.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा संपादकांनी बजावलं होतं, की बाई, गमतीजमती येऊ द्या. गमतींना तोटा नाही. काटेवाडीचे एक तात्या टेम्पोतून म्हशीचं लंगडणारं रेडकू घेऊन सेंटरच्या दारात उभे राहिले होते. मी म्हटलं, हे माणसांचं आहे. ते म्हणाले, "बाई, हाड त्ये हाड. माणसाचं काय आन् रेडकाचं काय." मी ठाम नाही म्हटलं. मग ते रेडकू माझ्याकडे बघायला लागलं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या डॉक्टरांना भेट जाणार आहे.

भवानीनगरच्या कारखान्यातले एक गृहस्थ छातीचा फोटो काढायला आले. मी म्हटलं, श्वास रोखून धरा. तेवढ्यात लाइट गेली. मी जनरेटर लावायला सांगायला बाहेर गेले, तिथे दोघांशी बोलणं झालं, परत येते तर हे गृहस्थ टोमॅटोसारखे लाल होऊन तसेच उभे. सोडा म्हणायचं मी विसरले होते. सोडल्यावर ते माझ्यावर चिडले नाहीत, उलट अजून जमलं असतं म्हणाले.

असं बरंच सांगता येईल. पण मला लिहायचंय ते एका रेघेबद्दल. ती रेघ एका सहा-साडेसहा वर्षांच्या मुलीच्या मानेत होती. ती मी पाहिली होती, आणि पाहून सोडून दिली होती.

आधी आमचा धंदा थोडा समजून घ्या, म्हणजे मी काय चुकले ते कळेल. एक्स-रे म्हणजे नुसत्या सावल्या. किरणांच्या वाटेत जे जे येतं त्या सगळ्याची सावली एकाच पाटीवर पडते. पुढचं, मधलं, मागचं, सगळं एकावर एक. मशीनचं बटण कुणीही दाबेल. कसब आहे ते माणसाला असं ठेवण्यात, की नको त्या हाडाची सावली हव्या त्या हाडावर पडू नये.

यात सगळ्यात अवघड जागा म्हणजे मानेचे वरचे दोन मणके. पुढून जबडा आणि दात, मागून कवटी, आणि हे दोघे मधे लपलेले. घरातलं जुनं जातं आठवा. खालच्या तळीत मधोमध एक लोखंडी खुंटी ठोकलेली असते आणि वरची तळी तिच्याभोवती फिरते. मानेचंही तसंच आहे. दुसऱ्या मणक्यातून एक हाडाची खुंटी वर आलेली असते, पहिला मणका कड्यासारखा तिच्याभोवती बसतो, आणि आपण नाही-नाही म्हणून मान हलवतो ती या खुंटीच्या जिवावर. तिच्या लगेच मागून मेंदूतून आलेली दोरी खाली जाते. आपले हात, पाय, श्वास, सगळ्यांचे निरोप त्या दोरीतून जातात.

ही खुंटी बघायची तर तोंडातूनच बघावी लागते. माणसाला मोठा आ करायला लावायचा आणि त्या दारातून फोटो काढायचा. हनुवटी जरा जास्त वर गेली की कवटीची सावली खुंटीवर येते. जरा खाली राहिली की वरच्या पुढच्या दातांची सावली आडवी पडते. सगळा दोन बोटांचा खेळ.

आणि या खेळात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी गर्वानंच लिहिते आहे, आणि तो गर्व पुढे कुठे नडला तेही लिहिणार आहे. मी शिकले ती फिल्म धुण्याच्या काळात. डार्करूममध्ये उभं राहून फिल्म पाण्यातून काढायची, तारेवर अडकवायची, आणि बिघडलेली असली तर सगळ्यांदेखत पुन्हा काढायची. ती नामुष्की नको म्हणून मी पहिल्याच झटक्यात फोटो नीट काढायला शिकले. पुढे कॉम्प्युटर आला, फिल्म गेली, पण सवय राहिली. आमचे डॉक्टर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, की आमच्या बाई दुसरा फोटो काढत नाहीत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की ते माझ्या अंगाला चिकटून बसलं.

ती मुलगी, ईश्वरी, पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याबरोबर तिचे वडील होते. निरवांगीचे. ओलिताखालची थोडी जमीन, भेंडी आणि दोडका करायचे, माल बाजारात टाकून तसेच पोरीला घेऊन आलेले. हातावर भेंडीची लव अजून होती आणि ते सारखे हात खाजवत होते. मुलीची तक्रार अशी, की मान खाली घातली की दोन्ही हातांना मुंग्या येतात. वहीत लिहायला वाकली की पेन्सिल पडते. म्हणून ती पुस्तक तोंडासमोर उंच धरून वाचायची आणि वही मांडीवर उभ्या पाटीला टेकवून लिहायची. शाळेतल्या बाईंना वाटलं डोळे अधू असतील. डोळे चांगले निघाले. मग तिकडच्या एका डॉक्टरांनी मानेचे तीन फोटो लिहून दिले, समोरून, बाजूनं आणि तोंड उघडून. चिठ्ठी अगदी बरोबर होती. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

समोरचा आणि बाजूचा निघाला. तोंड उघडायला मात्र ती लाजत होती. मी तिला आई म्हणून हाक मारायला सांगितलं, फक्त आ वरच थांब म्हटलं. ही माझी जुनी युक्ती आहे. तिनं आ केला, मी बटण दाबलं, तिनं त्याच क्षणी किंचित हनुवटी खाली घेतली असं मला वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं. बाहेर बाकावर बाजारच्या दिवसाची गर्दी होती.

पडद्यावर फोटो आला. खुंटीच्या बुडापासून थोडी वर एक आडवी काळी रेघ. डॉक्टर मागून बघत होते. त्यांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "बाई, हे काय?"

मी म्हटलं, "दाताची सावली, सर. पोरगी नीट आ करत नव्हती."

ते म्हणाले, बरं. माझ्या सावल्यांवर त्यांचा माझ्याइतकाच विश्वास होता. बाजूच्या फोटोत मान सरळ ठेवलेली असल्यामुळे मणके ओळीत दिसत होते. रिपोर्ट नॉर्मल गेला.

आता आमच्या धंद्यातला अगदी पहिल्या वर्षात शिकवतात तो नियम सांगते. सावली आहे की हाड, अशी शंका आली, की हनुवटी थोडी हलवून दुसरा फोटो काढायचा. सावली असेल तर ती जागा बदलते. हाडातली रेघ आहे तिथेच राहते. मी तो दुसरा फोटो काढला नाही. पोराला उगाच जास्त किरण नकोत, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तेही खोटं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण, आमच्या बाई दुसरा फोटो काढत नाहीत.

वर आणखी शहाणपण केलं. वडिलांना बोलावून पडद्यावरची रेघ दाखवली आणि ईश्वरीच्या पुढच्या दुधाच्या दातावर बोटानं टिचकी मारून म्हटलं, ही रेघ म्हणजे या दातानं पाडलेली सावली, बाकी मान एकदम चांगली आहे. वडिलांचा चेहरा उजळला. ते हात जोडून गेले. ईश्वरी जाताना जिभेनं तो दात चाचपत होती, ते मला चांगलं आठवतं.

त्यानंतर सात-आठ महिने गेले असतील. मी ती मुलगी विसरले होते. एक दिवस दुपारी निरवांगीची एक आजी गुडघ्याच्या फोटोला आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, पण नातवंडं असली की बाईची आजी होते, वयाचं काही नाही. बरोबर शाळेच्या गणवेशातली नात. तिला बाहेर बाकावर बसवून आजीला मी आत घेतलं, फोटो काढला, आणि कपडे नीट करायला वेळ देऊन बाहेर आले. तर ही मुलगी माझ्या खुर्चीजवळ उभी.

तिनं खिशातून काडेपेटी काढली आणि उघडून माझ्यासमोर धरली. आत कापसावर एक दुधाचा दात.

"बाई, ह्यो त्यो दात," ती म्हणाली.

मी विचारलं, कुठला?

"तुमी म्हणला हुता सावली पाडतोय त्यो. पडून लई दिस झालं. तरी मुंग्या येत्यात."

मी आधी हसले. हे मी लपवत नाही. मला वाटलं, काय गोड पोर आहे, सावलीमुळे मुंग्या येतात असं समजून बसली. तिला जवळ घेऊन मी सांगणार होते, की अगं, सावलीनं काही दुखत नसतं. आणि वाक्य अर्धं सोडून मी ती काडेपेटी तिच्या हातातून घेतली.

या मुलीनं काय केलं होतं बघा. बाई म्हणाल्या दाताची गडबड आहे. बरं. मग दात काढून टाकू. घरी सगळे सांगत होते हलवू नको, आपोआप पडेल, तर हिनं तो जिभेनं, बोटानं हलवून हलवून पाडला. पडलेला दात आमच्याकडे घरावर टाकतात, नाहीतर नवा येत नाही म्हणतात. आजीनं मागितला तर हरवला म्हणाली आणि काडेपेटीत ठेवला. मग वाट बघितली. मुंग्या थांबल्या नाहीत. म्हणजे दोष दाताचा नाही. जो पडताळा मी करायला हवा होता तो सात वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या तोंडात करून पाहिला होता, आणि पुरावा घेऊन माझ्याकडे आली होती. आजीच्या गुडघ्याला बारामतीला फोटो काढायचाय हे कळल्यावर मी पण येणार म्हणून रडून आली होती, हे मला नंतर समजलं.

मी कॉम्प्युटरवर तिचा जुना फोटो काढला. आणि या वेळी नीट बघितला. दाताची सावली असली तर ती हाडावरून आडवी जाऊन दोन्ही बाजूंना बाहेर निघते, कारण तिला हाडाशी देणंघेणं नसतं. ही रेघ हाडाच्या एका कडेला सुरू होऊन दुसऱ्या कडेला संपत होती. बरोबर हाडाएवढी. केसभरही बाहेर नाही. हे कालपरवा शिकायला लागलेल्या मुलीलाही दिसलं असतं. खुंटी बुडापासून सुटलेली होती. वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा, मधे नुसती फट. असं फार क्वचित असतं. एकतीस वर्षांत मी ते एकदाच पाहिलं, म्हणजे दोनदा, पण त्यातली पहिली वेळ मोजायला मला लाज वाटते.

खुंटी सुटली की वरची तळी घसरते. मान खाली घातली की पहिला मणका पुढे सरकतो आणि मागची दोरी चेपते, म्हणून मुंग्या. आणि कधी जोरानं धक्का बसला, तर ती दोरी कायमची चेपली जाऊ शकते. मग हात नाही, पाय नाही, श्वासाचाही भरवसा नाही.

तोवर आजी लुगडं सावरत बाहेर आल्या. मी विचारलं, हिच्या मानेचं काय केलंत मधल्या काळात? त्या म्हणाल्या, फोटोत काही निघालं नाही, तेव्हा अभ्यास टाळायला सोंग करते असंच सगळ्यांना वाटलं. तरी जीव राहवेना म्हणून गावातल्या एका पायाळू बाईचा पाय तिच्या मानेला तीनदा लावून घेतला. पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेलं माणूस, त्याचा पाय लागला की उसण जाते असा समज आहे. तेवढं नुसतं पाय लावण्यावर राहिलं, हे नशीब. पुढे आजी सहज म्हणाल्या, "आता हितनं तसंच जायाचं हाय. वाटंवर एकजण हाय, मान धरून कडकन बसवून देतो म्हणत्यात. आज त्याचा वार हाय."

मी उठून आधी ईश्वरीला माझ्या टेबलावर निजवलं. दोन चादरींच्या वळकट्या करून डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि तिला सांगितलं, की आता मी सांगेपर्यंत मान हलवायची नाही, खेळ समज. मग डॉक्टरांना फोन केला. चिठ्ठीशिवाय मी कधी कुणावर किरण सोडले नाहीत, रेडकू सोडून. ते घरी जेवत होते. मी म्हटलं, सर, निरवांगीच्या त्या मुलीची रेघ दाताची नव्हती. त्यांना कुठली मुलगी ते लगेच आठवलं, याचा अर्थ ती रेघ त्यांच्याही मनात कुठेतरी राहिली होती. ते म्हणाले, तोंडाचा एक फोटो काढा, मी हात धुऊन निघतोच.

"ईश्वरी, आई म्हण," मी म्हटलं, "आ वर थांब."

तिनं आ केला. वरचे पुढचे दोन्ही दात नव्हते. अशी उघडी खिडकी मला उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती. फोटो इतका स्वच्छ आला, की शिकवायला लावावा. खुंटी, तिच्यावर रेघ, आणि सावली पाडायला दात नावाला नाही.

डॉक्टर आले. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले होते. जुना फोटो न दाखवताही काम झालं असतं. नवीन तक्रार, नवीन फोटो, नवीन रिपोर्ट, कुणी विचारलं नसतं. तो विचार माझ्या मनात येऊन गेला, हेही लिहून टाकते. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, सर, मीच सावली म्हणाले होते. ते म्हणाले, "बाई, रिपोर्टावर सही माझी आहे." एवढंच. मग ते फोनला लागले. पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात मणक्यांचं काम करणारे त्यांचे मित्र होते. तासाभरात मानेचा कडक पट्टा, ॲम्ब्युलन्स, सगळं जमलं. वडिलांना शेतातून बोलावून घेतलं.

आजींना सांगायचं काम माझं होतं. डॉक्टर म्हणाले मी सांगतो, पण मी नाही म्हटलं. बाकावर त्यांच्याशेजारी बसले आणि सरळ सांगितलं, की पोरीच्या मानेतलं हाड सुटलेलं आहे, ऑपरेशन लागेल, आणि पहिल्याच वेळी हे दिसलं होतं. ती सावली नव्हती. चूक माझी आहे.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. माझी तयारी होती. पण त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ती खरं बोलत हुती."

मी म्हटलं, हो.

"आमी मारलं की वं तिला, बाई. सोंग करती म्हणून. मी बी मारलं." आणि पुढे, "तुमची चूक तुमाला एका फोटोत दिसली. आमची कुठल्या फोटोत बघायची?"

 त्या उठल्या, आत गेल्या. ईश्वरी वळकट्यांमधे छताकडे बघत पडली होती, खेळ इमानेइतबारे चालू होता. आजींनी तिच्या तळपायांवरून हात फिरवायला सुरुवात केली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबल्या नाहीत. तिला गुदगुल्या होत होत्या. पण मान तिनं हलवली नाही.

पुण्याला ऑपरेशन झालं. वरचे दोन मणके स्क्रू घालून एकमेकांना जोडून टाकले. त्यानंतरचे पाच दिवस मी सेंटरवर काय काम केलं मला आठवत नाही. घरी भाजीत मीठ नाही म्हणून यजमानांनी दोनदा सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी सांगायचं सोडलं. डॉक्टर रोज पुण्याला फोन करायचे आणि माझ्या टेबलापाशी येऊन दोन शब्दांत सांगायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "उठून बसली. हात चांगले चालतायत." मी डार्करूममध्ये जाऊन रडले. डार्करूम बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती, आता तिथे झाडू आणि जुन्या फायली असतात, पण रडायला ती खोली अजून चांगली आहे.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. सावली म्हणायच्या आधी मी दुसरा फोटो काढायला लागले. डॉक्टर ते जुनं वाक्य पुन्हा म्हणाले नाहीत. माझ्या हाताखाली दोन मुली तयार झाल्या, त्यांना मी ईश्वरीचे ते दोन फोटो, नाव झाकून, पहिल्याच आठवड्यात दाखवायचे आणि विचारायचे, यातला दात कुठला आणि हाड कुठलं? एकीनं लगेच बरोबर सांगितलं. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

काडेपेटी माझ्याकडेच राहिली होती. त्या गडबडीत ती माझ्या टेबलावर तशीच पडलेली, मी ती खणात ठेवली.

निवृत्तीच्या थोडं आधी ईश्वरी तपासणीच्या फोटोला आली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता दरवेळी इकडे यायला नको, जवळच काढून पाठवा. तिसरीत गेलेली, उंच झालेली, पट्टा गेलेला. केसांखाली मानेवर एक सरळ व्रण. लिहिताना मुंग्या येत नाहीत. दोन मणके जोडल्यामुळे मान आता पुरती वळत नाही, अर्धीच वळते. म्हणून बाजूला बघायचं असलं की ती अख्खी वळते. कुणाकडे बघितलं की पूर्ण समोर उभी राहून बघते. पहिल्यांदा जरा विचित्र वाटतं, मग आवडायला लागतं.

आजी बरोबर होत्याच. गुडघे तसेच होते, पण त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. फोटो होईपर्यंत त्या मला घरचं सांगत बसल्या. म्हणाल्या, आता पोरगी काही म्हणाली की आम्ही आधी खरं मानतो, मग विचार करतो. "परवा म्हणली, भेंडी खाल्ली की पोटात दुखतं. तवापासनं आमच्यात भेंडी न्हाय. सगळी बाजारात. तिचा बा म्हणतो, दुखत असंल पोरीला, कशाला खायाची."

एक एकर भेंडीच्या घरात भेंडी बंद. मला गंमत वाटली.

तोंडाचा फोटो काढायला मी तिला आत घेतलं आणि दार लावलं. नवे दात आले होते, चांगले रुंद, करवतीसारख्या कडांचे. मी म्हटलं, आता ते आडवे येणार, हनुवटी नीट धर. तिनं बरोबर धरली, तिला आता माझ्याइतकंच कळत होतं. तरी मी दोन फोटो काढले. दोन्हींत स्क्रू जागच्या जागी. मग खणातली काडेपेटी काढून तिच्या हातात दिली. तिनं उघडून बघितली, वास घेतला आणि म्हणाली, असू द्या तुमच्याकडंच.

मी म्हटलं, बरं. आणि हळूच विचारलं, "भेंडीनं खरंच पोटात दुखतं का गं?"

 तिला दाराकडे बघायचं होतं, पण मान तेवढी वळत नाही. म्हणून ती जागच्या जागी अख्खी फिरली, दार लावलेलं आहे ना ते नीट बघून घेतलं, आणि पुन्हा अख्खी फिरून माझ्यासमोर उभी राहिली.

"न्हाय," ती म्हणाली. "पण सांगू नका."

मी आजवर सांगितलेलं नाही.